टेकडीवरचं काम शिकवायचं तर एक पूर्ण वर्ष हाताशी ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडच्या तुमच्या टेकडी गटाला एका कंपनीकडून जून ते ऑगस्ट अशा तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पैसे मिळणार आहेत. जवळच्या वस्तीतल्या बायका, व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण केलेले काही तरुण आणि मुळशीकडचे कातकरी तरुण मिळून 30 जण घ्यायचे आहेत. रोपवाटिका, लागवड, बांबू, छाटणी यांतलं काय शिकवावं, सत्रं किती घ्यावीत आणि प्रमाणपत्र कोणाचं द्यावं, हे तुम्ही विचारलं आहे.

विषय कोणते आणि सत्रं किती हे नंतर पाहू. आधी कंपनीकडे जा आणि मुदत बदलून मागा. हे काम मी पुण्याच्या टेकड्यांवर आणि मुळशी, भोर, वेल्ह्याच्या गावांत बरीच वर्षं करते आहे. ऑगस्टमध्ये संपणाऱ्या प्रशिक्षणातून फक्त खड्डा काढणारी आणि रोप लावणारी माणसं तयार होतात. ते काम वर्षातून जेमतेम सहा आठवडे मिळतं. उरलेल्या 46 आठवड्यांत जंगलात जे करावं लागतं, त्यातलं काहीच त्यांनी केलेलं नसतं. साहजिकच सप्टेंबरमध्ये ती पुन्हा मजूर अड्ड्यावर उभी असतात.

हिशेब मांडून बघा. 30 माणसं, आठवड्याचे 6 दिवस, साडेबारा आठवडे म्हणजे 2,250 रोज झाले (एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक रोज). तेवढ्याच रोजांत 20 माणसं आठवड्याला 2 दिवस अशी वर्षभर येऊ शकतात. त्याला 2,080 रोज लागतात आणि वणव्याच्या दिवसांत जादा राबायला 170 रोज उरतात. मजुरीचा खर्च तोच राहतो. कंपनीच्या अहवालात आकडा 30 ऐवजी 20 दिसेल, त्यावरून थोडी कुरकुर होईल. ती ऐकून घ्या, पण मागे हटू नका.

आठवड्याला दोनच दिवस, याचं आणखी एक कारण आहे. धुणीभांडी करणारी बाई तीन महिने रोज तुमच्याकडे आली तर तिची चार घरं सुटतात आणि प्रशिक्षण संपल्यावर ती परत मिळत नाहीत. दोन दिवसांचं ती निभावून नेते. जावेला, शेजारणीला बदली पाठवते, नाहीतर बाईसाहेबांना सांगून वेळ पुढेमागे करते. कोणते दोन दिवस आणि किती वाजता हे तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. आमच्या एका तुकडीतल्या बायकांनी सोमवार आणि गुरुवार, सकाळी 11 ते 4 अशी वेळ सांगितली होती. मला ती उन्हाची वाटली. पण सकाळची भांडी, पोरांची शाळा, पाणी यायची वेळ हे सगळं धरून तेवढेच तास त्यांच्या हातात होते. मग उन्हाळ्यात आम्ही दुपारचं काम सावलीत नेलं. बिया निवडणं, पिशव्या भरणं, हत्यारांना धार लावणं अशी बैठी कामं त्या महिन्यांत केली.

आता मजुरी. शिकण्याच्या प्रत्येक दिवसाचा रोज द्यायचा, आणि तो किमान वेतनाच्या खाली नको. 'प्रोत्साहन भत्ता', 'मानधन', 'प्रवासखर्च' असली नावं देऊन तो अर्धा करू नका. ज्याचं घर रोजावर चालतं त्याला फुकट शिकवणं म्हणजे त्याच्या खिशातून पैसे काढून घेणं आहे. पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्या. महिनाअखेरीपर्यंत थांबवलेत तर मधल्या अडचणीला लोक सावकाराकडे जातात. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं बँक खातं चालू आहे का ते बघा आणि अपघात विमा काढून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण मिळतं आणि 18 ते 70 वयाचा कोणीही खातेदार तो घेऊ शकतो. तेवढ्यावर भागवू नका, गटाचा वेगळा विमाही घ्या. कोयता आणि करवत हातात देणार आहात, हे लक्षात असू द्या.

स्वच्छतागृहाची सोय नसेल तर बायकांना बोलावूच नका. टेकडीवर ती नसतेच. आम्ही पहिल्या वर्षी याचा विचार केला नव्हता. बायका सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. मार्चमध्ये एक मावशी भोवळ येऊन पडल्या, तेव्हा मला कारण कळलं. त्याची मला आजही लाज वाटते. टेकडीच्या पायथ्याशी एखादी शाळा, देऊळ किंवा सोसायटी गाठा आणि तिथली चावी कायमची आपल्याकडे राहील अशी सोय करा. लहान लेकरांसाठी सावली आणि त्यांच्याकडे बघणारी एक बाई लागते. तिलाही तोच रोज द्या.

कातकरी तरुणांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यांचं वर्ष वेगळं असतं. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांतली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्याआधीच भट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. एकदा उचल घेतली की आठवड्याच्या दोन रोजांचं तुमचं आमंत्रण त्यांना परवडत नाही. त्यांना मुळशीतून कोथरूडला आणण्यातही काही हशील नाही. येण्याजाण्यातच दिवस जातो. त्यांच्यासाठी वेगळी तुकडी त्यांच्याच गावात करा आणि दिवाळीपासून पूर्ण आठवड्याचं काम द्या: बांबूतोड, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून काढलेले मोकळे पट्टे), रोपवाटिका. उचल घेण्याच्या आधी, म्हणजे गणपतीच्या सुमारासच, हे काम पक्कं असल्याचं त्यांना कळायला हवं. तेवढे पैसे नसतील तर या वर्षी त्यांची नावं यादीत घालू नका. ऐनवेळी पोरं आली नाहीत की 'या लोकांना चिकाटी नाही' असं बोललं जातं, आणि ते मी फार वेळा ऐकलं आहे.

आणखी एक. कातकरी हे नावच कातावरून पडलं. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. जंगलावर सरकारी बंधनं आली तसा तो गेला. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांत माडिया गोंड आणि कोलाम यांच्यासोबत कातकरी आहेत. अशा घरातल्या तरुणाला झाडाची ओळख करून देण्यासाठी शहरातून माणूस पाठवायची गरज नाही. त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्याला शिक्षक म्हणून बोलवा आणि बाहेरच्या तज्ज्ञाला जेवढे पैसे द्याल तेवढेच त्याला द्या. वस्तीतल्या बायकांना रानभाज्या, बिया आणि वास्ते त्याच्याइतके कोणी दाखवू शकणार नाही. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. त्यांच्यासमोर तो शिक्षक म्हणून उभा राहतो, याचाही उपयोग होतो.

वर्षाची आखणी सांगते. सुरुवात जूनपासूनच करा, पण लागवड थोडी ठेवा. 20 माणसांनी मिळून 300 रोपं लावली तरी पुष्कळ झाली. पहिल्या सरीला लावू नये. चांगला पाऊस होऊन वीतभर खोल ओल गेली की लावावं. पिशवी ओढून काढायची नाही, फाडायची. मुळांचा तळाशी वेटोळा झाला असेल तर तो कापायचा. एवढं दोन दिवसांत शिकून होतं. त्यापेक्षा कुठे लावू नये हे शिकवायला जास्त वेळ लागतो. आपल्या टेकड्यांचे माथे पुष्कळ ठिकाणी मुळातच गवताळ आहेत. तिथे चंडोल आणि टिटवी जमिनीवर घरटं करतात. उघडं दिसलं म्हणून तिथे झाडं कोंबू नयेत. उतारावर, घळीत, जिथे आधीच एखादा धावडा, मोई किंवा पळस तगून आहे, त्याच्या आसऱ्याने लावावं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच रोपांभोवतीचं गवत काढणं, आळी करणं आणि मेलेल्या रोपांची मोजणी करणं ही कामं येतात. मेलेली रोपं मोजायला लावाच. कोणतं रोप का मेलं, हे ज्याला सांगता येतं त्याला पुढे काम मिळतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कापणी. ते गवत जाळायचं नाही, रोपांच्या बुडाशी आच्छादन म्हणून अंथरायचं. याच दिवसांत हत्यारांचं शिक्षण पक्कं करा. आमच्याकडे ते महिनाभर चालतं आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. विळा, कोयता, कुदळ, टिकाव, करवत. धार कानशीने कशी काढायची, करवतीचे दात त्रिकोणी कानशीने कसे घासायचे, दांडा सैल झाला तर पाचर कशी ठोकायची. दांड्यासाठी लाकूड कोणतं, हेही. धावड्याचं आणि बाभळीचं पूर्वीपासून वापरतात. टेकड्यांवर पसरलेल्या उंदीरमारीचं, म्हणजे ग्लिरिसिडियाचं लाकूडही दांड्याला चांगलं निघतं, त्याला वाळवी सहजी लागत नाही. दुकानातून एका मापाची 20 हत्यारं आणू नका. लोहाराकडे माणसं घेऊन जा आणि हाताच्या मापाने करून घ्या. बायकांना दिलेला कोयता बहुतेक वेळा वजनाने जास्त असतो, मग मनगट जातं आणि 'बायकांना जमत नाही' असं ठरतं. डावखुऱ्या माणसासाठी विळा वेगळा करावा लागतो. प्रत्येकाचं हत्यार त्याच्या नावाचं असावं, आणि वर्ष संपलं की ते त्याचंच व्हावं.

व्यसनमुक्तीतून आलेल्या मुलांच्या हातात कोयता द्यावा का, असं तुमच्या गटातले कोणीतरी विचारतीलच. द्यावा. नियम मात्र सगळ्यांना सारखे हवेत. सकाळी हत्यारं मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची, आणि ज्याने त्या दिवशी नशा केली असेल त्याला हत्यार द्यायचं नाही, मग तो कोणीही असो. आमच्याकडे दोघांना असं घरी पाठवावं लागलं. दोघेही पुढच्या वारी आले, कारण यायचं बंद केलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पगाराच्या दिवशी संध्याकाळी त्यांना एकटं सोडू नका. पैसे खात्यात गेलेले बरे. त्यांचं समुपदेशन चालू आहे ना, तेवढं विचारत राहा. ते काम तुमचं नाही, त्यात हात घालू नका.

थंडीत बांबू. मुळशी-वेल्ह्याच्या बांधाबांधांवर तो आहे आणि खासगी जमिनीवरचा बांबू तोडणं आता सोपं झालं आहे. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमाच्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला त्या कायद्याखालचा तोडणी-वाहतुकीचा परवाना लागत नाही. बेटात शिरल्यावर आधी वय ओळखायला शिकवा. पहिल्या वर्षाच्या काठीवर पेरांशी आवरण चिकटलेलं असतं आणि अंगावर पांढरी भुकटी असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची काठी निस्तेज होते, तिच्यावर दगडफुलासारखे डाग येतात, आणि कोयत्याची पाठ मारली की खणखणीत आवाज येतो. ती तोडायची. जमिनीलगतचं पहिलं पेर ठेवून त्याच्या डोक्यावर सपाट घाव घालायचा. पेराच्या वर वाटी राहिली की तिच्यात पाणी साठून बुंधा कुजतो. बाहेरच्या कोवळ्या काठ्या सोपं म्हणून तोडत गेलं की बेट मधे गचपण होऊन मरतं. म्हणून एका बाजूने वाट करून आत जायचं आणि मधल्या जुन्या काढायच्या. पावसाळ्यात कोंब वर येत असताना बेटाला हात लावायचा नाही. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात, म्हणजे भुंगा लागत नाही असं सांगतात. भुंगा येतो तो काठीतल्या पिठूळ अंशासाठी. तो थंडीत कमी असतो, म्हणून तोड थंडीत करायची, आणि टिकाऊ वस्तूंसाठी काठ्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. पुण्यात बुरूड आळी आहे. तिथल्या कारागिरांना काठी दाखवा आणि कोणती चालते, कोणती नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकवा. सूप-टोपल्यांच्या विक्रीवर मात्र घर चालेल असं कोणाला सांगू नका. कुंपण, मांडव, वेलींचे आधार, रोपांच्या काठ्या यांना पुण्यात गिऱ्हाईक जास्त आहे.

याच दिवसांत छाटणी. शहरात पैसे या कामात आहेत, आणि सगळ्यात वाईट केलं जाणारं कामही हेच आहे. जाड फांदी वरून एका दमात कापली की ती अर्धी तुटून खाली येते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. तीन काप शिकवा. पहिला खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूने, फांदीच्या एक तृतीयांश जाडीचा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदीचं वजन इथे गळून पडतं. तिसरा उरलेल्या ठोंब्याचा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं, ते शाबूत ठेवून त्याच्या बाहेर हा काप द्यायचा. त्या कड्यातूनच जखम भरून येते. डांबर किंवा रंग फासू नये. आधी तोडून पडलेल्या फांद्यांवर, मग जमिनीवर उभं राहून हाताला येतील अशा फांद्यांवर सराव घ्या. शिडी दुसऱ्या वर्षी आणि यंत्रकरवत त्याच्याही नंतर. तुकडीत ऐकू न येणारं कोणी असेल तर शिट्टीच्या जोडीला लाल फडकं ठेवा. तसंही मोटारीच्या आवाजात शिट्टी बाकीच्यांनाही ऐकू येत नाही. शहरातलं झाड तोडायला किंवा छाटायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, आणि वनखात्याच्या टेकडीवर तर उंदीरमारीची डहाळीही लेखी परवानगीशिवाय कापता येत नाही. परवानगीचा कागद वाचून दाखवल्याशिवाय करवत काढायची नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. पुढे चौकात कोणी अडवलं तर बोलणी या गरीब माणसांनाच खावी लागतात.

जाळरेषा फेब्रुवारीच्या आत व्हायला हव्यात. गवत कापून, पाला झाडून मोकळा पट्टा करायचा. वणवा लागला तर शिकाऊ माणसांनी पुढे जायचं नाही, ज्वाळेच्या वरच्या चढावर तर कधीच नाही. 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर कळवायचं, वाट दाखवायची, आणि आग विझल्यावर धुमसते ओंडके मातीने दाबायचे. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही आपल्या भागात आहेत. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठी घालायची. चावलाच तर कापाकापी किंवा करकचून बांधाबांधी न करता थेट ससून रुग्णालयात न्यायचं. गाडी कोणाची हे आधीच ठरलेलं असू द्या.

मार्च ते मे हे महिने तुमच्या कंपनीला समजावणं सगळ्यात अवघड जाईल. 31 मार्चला त्यांचं आर्थिक वर्ष संपतं. आमच्यावर एकदा हीच वेळ आली होती. एका देणगीदाराने मार्चअखेर हिशेब बंद करून घेतला. एप्रिलमध्ये रोपांना पाणी घालायला माणूस नाही, आणि जी माणसं नऊ महिने शिकली ती काम नाही म्हणून पांगली. जूनमध्ये जाऊन पाहिलं तर रोपंही गेली होती आणि तुकडीही. म्हणून करार करतानाच एप्रिल-मेचे रोज वेगळे काढून ठेवायला सांगा. याच महिन्यांत बहाव्याच्या शेंगा, करंज आणि शिवणीची फळं, पळसपापड्या गोळा करायच्या असतात. पळस ताजाच पेरायचा. बहाव्याच्या बीला कठीण कवच असतं, ते घासून किंवा कढत पाण्यात रात्रभर भिजवून पेरायचं. हे उन्हाळ्यात हाताने केलेल्या माणसाला सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या रोपवाटिका कामावर घेतात.

प्रमाणपत्र कोणाचंही द्या, फरक पडत नाही. त्यापेक्षा परीक्षा खरी घ्या आणि ती लेखी नको. 'या बेटातली तोडायची काठी दाखव', 'ही फांदी उतरव', 'या कोयत्याला धार लाव', 'हे रोप का मेलं सांग'. प्रत्येकाचे हे काम करतानाचे फोटो त्याच्याच फोनवर ठेवा. सोसायटीच्या अध्यक्षांना तेच बघायचं असतं.

काम मात्र प्रशिक्षणाच्या आधी शोधायचं. आत्ता जूनच्या आधी तुमच्याकडे वेळ आहे. कोथरूड-बावधनच्या चार मोठ्या सोसायट्या, पौड रस्त्याकडची दोन फार्महाऊसं आणि ज्या कंपन्या दर पावसाळ्यात झाडं लावून विसरतात त्यांतली एखादी, यांच्याकडे जा. 'पुढच्या जूनपासून पाच जणांचा गट तुमच्या झाडांची तीन वर्षं देखभाल करेल, महिन्याला किती द्याल?' असं विचारा आणि लिहून घ्या. एकटीदुकटी बाई दर सांगायला कचरते, पाच जणी मिळून सांगतात. 20 माणसांचे चार गट होतात, म्हणजे तुम्हाला चार होकार हवेत. तीनच मिळाले तर 15 माणसं घ्या.

हे होकार हातात आल्यावर पहाटे वस्तीत आणि सकाळी सातला अड्ड्यावर जाऊन बसा, वार आणि वेळ विचारा. मग कंपनीला पत्र लिहा. पत्राचा मसुदा लागला तर मला पाठवा, मी वाचून देते.